न जोडलेला फेडर

तांपेरे. फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
जुन्या कापडगिरणीच्या तळघरात
चोवीस ट्रॅक माझ्यापुढे पसरलेत,
न विंचरलेल्या केसांसारखे.

आधी सगळे फेडर खाली.
शांततेपासून सुरुवात करावी, हे मला
कुणी शिकवलं नाही. वयाने शिकवलं.
मग किक ड्रम, एकटा,
रिकाम्या घरात कुणी खोकं सरकवावं तसा.
त्याच्या शेजारी बेस आणून बसवला.
दोघांना तळाची एकच खुर्ची हवी असते.
साठ हर्ट्झपाशी मी एकाला म्हणतो, सरक जरा.
मिरो मागून विचारतो,
"बेस ऐकू येतोय ना?"
येतो रे बाबा. काढला तर चुकल्यासारखं वाटेल,
एवढा येतो.

तापिओला स्नेअर हवा दारावर थाप पडल्यासारखा.
ओत्सोला गिटार हवी वर,
आणखी वर, आणखी थोडी.
सगळंच वर गेलं की काहीच वर राहत नाही,
हे सांगून पाहिलं.
शेवटी त्याच्या हाताशी एक फेडर दिला,
कशालाच न जोडलेला.
तो ढकलत राहिला.
"आता कसं!" म्हणाला.

व्हेन्लाने काही मागितलं नाही.
सोफ्याच्या टोकाला, पायांत लोकरी मोजे,
दाढेखाली खारट ज्येष्ठमधाची गोळी.
"माझा आवाज मागेच ठेव," एवढंच.

रात्री सगळे गेल्यावर गाणं लावलं,
इतकं हळू, की रेडिएटरमधलं पाणी ऐकू यावं.
मोठ्या आवाजात कुठलंही गाणं शहाणं वाटतं.
तिसऱ्या कडव्यात, दुसऱ्या ओळीशी,
गिटार एकदम अंगावर आली.
पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच.
फेडर जागचा हलला नव्हता.
ओत्सोने वाजवतानाच जोर केला होता,
तार तुटावी असा, चार मात्रांपुरता.

मी गिटार बंद केली.
उरला नुसता आवाज. श्वास,
ओठ सुटल्याचा ओला टिचका,
आणि ती ओळ:
बर्फ तडकला, आणि तू आधी काठाकडे पाहिलंस.

ती दोघं भाऊ-बहीण, हे मला ठाऊक होतं.
गिटारचं पांघरूण करता येतं,
हे चाळीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

कान थकलेत माझे. डाव्यात
आठ हजारांच्या वर काहीच पोचत नाही.
तरी तासभर तीच ओळ ऐकत बसलो.
आवाज तीन डेसिबल वर नेला तर भाऊ उघडा पडतो.
गिटार तशीच ठेवली तर ती बुडते,
दुसऱ्यांदा.

गिटारमध्ये एक फट पाडली,
अडीच हजार हर्ट्झपाशी, अरुंद,
शब्दाला अंग चोरून निघता येईल एवढी.
आवाज दीड डेसिबल वर.
ओत्सोचा जोर ठेवला होता तसाच ठेवला.
तो काही खोटा नव्हता.

सकाळी चहा-कॉफीच्या खोलीत,
एकाच स्पीकरच्या तडा गेलेल्या रेडिओवर
सगळ्यांना ऐकवलं.
मिरोने बेससाठी कान टवकारले.
तापिओ टेबलावर बोटं आपटत होता.
तिसरं कडवं आलं.
ओत्सो साखर ढवळत होता, चमचा थांबला.
व्हेन्लाने गोळी या गालातून त्या गालात नेली.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"गिटार," ओत्सो घसा खाकरून म्हणाला,
"तिथे जरा कमी केली तर?"

मी त्याला आत नेलं, खरा फेडर दाखवला.
त्याने बोट ठेवलं. नखाखाली कातडी फाटलेली.
केसभर खाली आणला, आणि मागे न बघता विचारलं,
"एवढी?"

व्हेन्ला दारात उभी होती, कप हातात.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "पुन्हा लाव.
तिसऱ्यापासून नको. पहिल्यापासून."